बोल्डर्स बीचवरचा उपाशी पेंग्विन

भायखळ्याच्या राणीच्या बागेत हम्बोल्ट पेंग्विन आले तेव्हा रांगेत उभं राहून काचेतून पाहिले होते. पेंग्विन मोकळ्यावर, त्यांच्या घरी जाऊन पाहायचे ही इच्छा तेव्हापासूनची. गेल्या डिसेंबरात आईसोबत केपटाउनला गेले आणि ती पुरी झाली.

केपटाउनहून सायमन्स टाउनची लोकल पकडली. म्यूझेनबर्गपासून पुढे रूळ समुद्राला इतके खेटून जातात की आई खिडकी सोडेना. स्टेशनवरून अर्धा तास चाललो. पेंग्विन दिसायच्या आधी ऐकू आले. चक्क गाढव ओरडावं तसा आवाज! मागोमाग सुक्या मासळीच्या बाजारातला वास.

आधी फॉक्सी बीचवरच्या लाकडी पुलावर गेलो. तिथे खूप दिसतात, पण लांबून, आणि गर्दी फार. खरी भेट झाली ती पलीकडच्या बोल्डर्स बीचवर. मोठमोठ्या गुळगुळीत दगडांच्या फटींतून वाकून, घोट्याएवढ्या गार पाण्यातून गेलो, आणि वळणावर एक जण एकटाच उभा. जेमतेम माझ्या गुडघ्याच्या वर. डोळ्यांवर गुलाबी कातडी, छातीवर काळे ठिपके. पण अंगावरची पिसं जुन्या गादीतल्या कापसासारखी लोंबत होती, पायाशी त्यांचा खच.

"अगं, आजारी आहे का गं हा?" आई कुजबुजली.

तिथल्या रक्षक बाईंनी समजावलं. हा पिसं बदलतोय. वर्षातून एकदा सगळी पिसं एकदम झडतात, आणि नवी येईपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे, अंगात पाणी शिरतं म्हणून समुद्रात उतरता येत नाही. समुद्र नाही म्हणजे मासा नाही. आधी खाऊन साठवलेल्या चरबीवर तो हे दिवस काढतो. अशा वेळी कुणी जवळ गेलं की घाबरून पळतो आणि ती शिल्लक फुकट जाते.

ते ऐकून आम्ही दोघी चार पावलं मागे सरलो. एक पर्यटक मात्र मोबाइल त्याच्या तोंडापर्यंत नेत होता. मला इतका राग आला! बाईंनी त्याला लगेच हटवलं.

या किनाऱ्यावर 1982 मध्ये फक्त दोन जोड्या येऊन राहिल्या आणि त्यातून ही वसाहत वाढली. पण या जातीची, म्हणजे आफ्रिकन पेंग्विनांची, एकूण स्थिती वाईट आहे. त्यांचं अन्न असलेले सार्डिन आणि अँकोव्ही हे छोटे मासे कमी झालेत, आणि आधी पोट भरलं नाही तर हा उपास झेपत नाही. 2024 मध्ये त्यांची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. आता दहा हजारही जोड्या उरलेल्या नाहीत. 2025 च्या मार्चमध्ये तिथल्या न्यायालयाच्या आदेशाने सहा वसाहतींभोवती या माशांच्या व्यापारी मासेमारीला दहा वर्षांची बंदी आली, हे वाचून फार बरं वाटलं.

आम्ही तासभर खडकाला टेकून बसलो. तो जागचा हलला नाही. मधूनच मान वळवून चोचीने पाठीवरचं एक पीस उपटायचा, झटकायचा, पुन्हा समुद्राकडे तोंड करून उभा. निघताना आई हळूच त्याला म्हणाली, "थोडेच दिवस राहिले रे बाळा."