पालथा त्रिकोण

बाबाबा, बाकोबा, कोबाको. नुकतं बोलायला लागलेलं मूल काही सांगू पाहतंय असं वाटावं, अशी ही अक्षरं आम्ही भूमितीच्या तासाला एका सुरात म्हणायचो. बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन; दोन त्रिकोण एकरूप आहेत की नाहीत हे ठरवायच्या या कसोट्या. 'कोकोको' मात्र चालायचं नाही, कारण तिन्ही कोन जुळूनही एक त्रिकोण मुंगीएवढा आणि दुसरा मैदानाएवढा असू शकतो. 'बाबाको'सुद्धा नाही, त्या मापांचे कधीकधी दोन वेगळेच त्रिकोण निघतात. (तो कोन काटकोन असला की मात्र हीच कसोटी चालते, आणि तिला कर्णभुजा असं भारदस्त नावही मिळतं.)

कसोट्या पाठ होत्या, पण विश्वास बसेना. एकदा पाठकोऱ्या कागदावरचे दोन विषमभुज त्रिकोण घेतले, बाबाबा कसोटीने एकरूप ठरलेले. एक कापला आणि दुसऱ्यावर ठेवायला गेलो. सरकवला, गोल गोल फिरवला, पण बसेना. कंटाळून हातातून टाकला तो पालथा पडला आणि तसाच सरकवल्यावर चपखल बसला! कोरी बाजू वर, छापील खाली. म्हणजे एकरूप होण्यासाठी त्या बिचाऱ्याला क्षणभर कागद सोडून हवेत यावं लागलं. कागदातच राहणाऱ्या एखाद्या सपाट किड्याने जन्मभर ढकलाढकली केली असती तरी त्याला हे जमलं नसतं.

आपण त्या किड्याला हसायचं कारण नाही. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात घालून पाहावा. बोटं तेवढीच, लांबी तीच, तरी बसत नाही. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1768 मध्ये हाच प्रश्न उकरून काढला होता. 1827 मध्ये मोबियस या गणितज्ञाने म्हटलं की अशी डावी-उजवी जोडी एकमेकांवर बसवायला चौथी मिती लागेल. आपल्याला तिथे जाता येत नाही, म्हणून मोजे जोडीने घ्यावे लागतात.

हे 'उचलून ठेवणं' खुद्द युक्लिडलाही, म्हणजे भूमितीचा पाया घालणाऱ्या प्राचीन ग्रीक गणितज्ञालाही, फारसं रुचलेलं दिसत नाही. त्याच्या 'एलिमेंट्स' ग्रंथातल्या पहिल्या पुस्तकाच्या चौथ्या प्रमेयात, म्हणजे आपल्या बाकोबात, तो एक त्रिकोण दुसऱ्यावर ठेवतो; आठव्यात, बाबाबासाठी, पुन्हा ठेवतो. एरवी ही युक्ती तो शक्यतो टाळतोच. उचलताना त्रिकोण ताणला गेला नाही, वाकला नाही, हे कुणी पाहिलं? शेवटी 1899 मध्ये हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाने बाकोबाचं मुख्य म्हणणं सरळ गृहीतकांतच घालून टाकलं. मला हे प्रामाणिकपणाचं वाटतं. सिद्ध करता येत नसेल तर तसं सांगून पुढे जावं.

त्याच्या आधी, 1872 मध्ये, फेलिक्स क्लाइन या गणितज्ञाने आकृत्यांकडून हालचालींकडे नजर वळवली होती: कोणत्या हालचालींनी काय बदलत नाही, ते पाहायचं. सरकवणं, फिरवणं, उलटवणं आणि उलटवून सरकवणं. सपाट कागदावर अंतरं न बिघडवणाऱ्या हालचाली एवढ्याच. चौथी विचित्र वाटते, पण ओल्या वाळूवरून सरळ चालत गेलं की मागे उमटतात ती डावी-उजवी पावलं तीच असतात. गंमत अशी की या चारही हालचाली आरशांतून मिळतात, आणि तीनांहून जास्त आरसे कधीच लागत नाहीत. दोन समांतर आरशांत एकामागोमाग उलटवली की आकृती त्यांच्यातल्या अंतराच्या दुप्पट सरकते. एकमेकांना छेदणारे असले तर त्यांच्यातल्या कोनाच्या दुप्पट फिरते.

हे वाचून मी दोन आरसे काटकोनात उभे केले आणि सांध्यात पाहिलं. नव्वदाची दुप्पट एकशे ऐंशी, म्हणजे समोरचा माणूस उलटलेला नव्हता, नुसता अर्धी फेरी फिरलेला होता. लोकांना मी दिसतो तसाच. भांग नेहमीच्या बाजूला नव्हता. तो नीट करायला कंगवा उचलला, तर हात दर वेळी भलतीकडेच जाऊ लागला.