आमची वाटचाल: नांगर टाकणं सोडलं तेव्हापासून

धंदा सुरू केला तेव्हा एकच होडी होती. लोकांना प्रवाळावर न्यायचं, पाण्यात उतरवायचं, परत आणायचं. हळूहळू गावात होड्या वाढल्या आणि गिऱ्हाइकांवरून किनाऱ्यावर रोजची भांडणं सुरू झाली.

एकदा नांगर वर ओढला तर दाताला प्रवाळाचा तुकडा अडकून आला. बुडी मारून पाहिलं. हंड्याएवढा गोल प्रवाळ उलथून पडला होता. ही जात वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढते. जे दाखवून आम्ही पोट भरतो, तेच मी मोडलं होतं.

मग तरंगते बोये लावायचं ठरलं. खाली वाळू कुठे आणि खडक कुठे, हे जाळी फाटून फाटून शिकलेल्या जुन्या मच्छीमारांना तोंडपाठ. त्यांनी दाखवलेल्या वाळूत काँक्रीटचे ठोकळे सोडले, त्यांना साखळी आणि वर बोया. होडी बोयाला बांधायची, नांगर टाकायचाच नाही. जितके बोये तितक्याच होड्या एका वेळी. बाकीच्यांनी पाळी येईपर्यंत थांबायचं. भांडणं तिथेच निम्मी झाली.

अवघड भाग पुढे होता. प्रवाळाजवळचा पट्टा मासेमारीला बंद ठेवायचा होता. सभेत मी मेक्सिकोतल्या काबो पुल्मोचं उदाहरण दिलं. तिथे १९९५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, गावकऱ्यांनी मासेमारी थांबवली आणि १९९९ ते २००९ या काळात माशांचं वजन चारपटीहून जास्त वाढलं. एक वयस्क मच्छीमार उठून म्हणाले, "तोवर आम्ही खायचं काय?"

त्यांचं बरोबर होतं. पट्टा ते सोडणार आणि पैसे आम्ही होडीवाले कमावणार, हे चालण्यासारखं नव्हतंच. म्हणून प्रत्येक तिकिटातला वाटा गावनिधीत जातो, आणि ज्यांनी पट्टा सोडला त्यांच्या घरातल्यांना वाटाड्याचं काम आधी मिळतं. हिशेब गावातल्या बायका ठेवतात आणि दर महिन्याला सभेत मोठ्याने वाचतात. माझ्या मते सगळी व्यवस्था या वाचनावरच टिकून आहे. ते एकदा चुकलं, तेव्हा लगेच कुजबुज सुरू झाली होती.

आज आमच्या तीन होड्या आहेत. चौथीसाठी कर्ज मिळतंय, पण तिला बांधायला बोया नाही. नवा बोया टाकायचा का, हा विषय पुढच्या सभेत आहे. मी स्वतः नको म्हणणार आहे. मागच्या उन्हाळ्यात पाणी तापून उथळ भागातले प्रवाळ पांढरे पडले. त्यातले किती सावरतात, ते आधी पाहायचंय.