ओट्यावर टांगलेला कॅमेरा आणि समोर टॅबलेटचा मॉनिटर: माझा अनुभव

रेसिपीच्या व्हिडिओसाठी कॅमेरा ओट्याच्या बरोबर वर, लेन्स खाली करून टांगला की त्याचा स्क्रीन जवळपास निरुपयोगी होतो. तो उघडून खाली वळवला तरी तीन इंचांचं चित्र डोक्याच्या वर. कढई फ्रेममध्ये पूर्ण आहे की कडेने कापली जातेय, हे मान वाकडी करूनही कळत नाही. खास फील्ड मॉनिटर (कॅमेऱ्याला जोडायचा वेगळा स्क्रीन) घेण्याआधी घरातला टॅबलेट वापरून पाहिला, आणि आता तोच कायम लावतो. माझा कॅमेरा सोनी झेडव्ही-ई१०, टॅबलेट अँड्रॉइडचा.

जोडणीचा क्रम असा: कॅमेऱ्याचं एचडीएमआय, तिथून केबल, मग यूएसबी कॅप्चर कार्ड, मग टॅबलेट आणि त्यावर यूएसबी कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारं ॲप. टॅबलेटचं टाइप-सी थेट कॅमेऱ्याच्या एचडीएमआयला कन्व्हर्टरने जोडून काही होत नाही, कारण ते पोर्ट चित्र बाहेर पाठवतं, आत घेत नाही. चित्र आत घ्यायचं तर कार्ड हवंच, आणि ते यूव्हीसी प्रकारचं हवं, म्हणजे वेबकॅमसारखं ओळखलं जाणारं. आयपॅड असेल तर टाइप-सी पोर्टचा आणि आयपॅडओएस १७ किंवा पुढचा लागतो. लाइटनिंग पोर्टच्या आयपॅडवर ही सोय नाही.

आधी केबल, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. या कॅमेऱ्याला मायक्रो एचडीएमआय आहे, तोंड साधारण सहा मिलिमीटर रुंद. मिनी एचडीएमआय वेगळं, दहाच्या आसपास. दुकानात दोन्हींना सर्रास ‘छोटं एचडीएमआय’ म्हणतात, म्हणून कॅमेरा सोबत न्यावा. हे पोर्ट नाजूक असतं. जाड केबल लोंबकळत राहिली की वजनाने पिन सैल होतात आणि चित्र मध्येच जातं. मी दोन मीटरची बारीक केबल घेतली. कॅमेऱ्यापाशी थोडी सैल ठेवून वेल्क्रोने दांड्याला बांधली, म्हणजे ओढ बसली तर दांड्यावर बसते, पोर्टवर नाही. कार्ड टॅबलेटजवळ ठेवावं. लांब करायची ती एचडीएमआयची बाजू, यूएसबीची नाही.

स्वस्त कार्डावर ‘४के’ लिहिलेलं असतं. बहुतेकदा त्याचा अर्थ एवढाच, की आत ४के घेईल. बाहेर देईल १०८०पीच. त्यातही यूएसबी २.० चं कार्ड असेल तर गणित लक्षात ठेवावं. १०८०पीची न दाबलेली एक फ्रेम सुमारे ४ एमबीची. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे १०० एमबी, आणि यूएसबी २.० ची कागदावरची कमाल मर्यादा ६० एमबी. म्हणून ॲपमध्ये फॉरमॅट ‘वायूवाय२’ (न दाबलेलं चित्र) निवडला तर चित्र स्लाइड-शोसारखं सरकतं. ‘एमजेपीईजी’ (दाबलेलं चित्र) निवडा, लगेच सुरळीत होतं.

कॅमेऱ्याच्या मेन्यूत एचडीएमआय रिझोल्यूशन ऑटोवरून १०८०पी करावं. १०८०आय (एकाआड एक ओळी पाठवणारं) नको, हलत्या हाताच्या कडांना कंगव्यासारख्या रेघा येतात. ‘सीटीआरएल फॉर एचडीएमआय’ (टीव्हीच्या रिमोटने कॅमेरा चालवायची सोय) बंद. आणि एचडीएमआय इन्फो डिस्प्ले, म्हणजे चित्रावर कॅमेऱ्याची माहितीही पाठवणं, चालू ठेवा. सगळीकडे तो बंद करायचा सल्ला मिळतो, पण तो थेट प्रक्षेपणासाठी बरोबर आहे. आपल्याला मॉनिटर हवा आहे, रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डात होतंय. त्यामुळे झेब्रा (फार उजळ भागावर येणारे पट्टे), फोकसच्या खुणा, बॅटरी हे सगळं टॅबलेटवर दिसलेलंच बरं. काही मॉडेलवर हे चालू केलं की कॅमेऱ्याचा स्वतःचा स्क्रीन काळा होतो. तो बिघाड नव्हे.

याच कॅमेऱ्यात यूएसबीवरून थेट चित्र पाठवायची सोय आहे, कॅप्चर कार्डाशिवाय. पण ती ७२०पीवर थांबते आणि त्या वेळी तेच चित्र मेमरी कार्डात रेकॉर्ड होत नाही, म्हणून या कामाला उपयोगाची नाही. कॅमेऱ्याचं वायफायचं ॲप फक्त फ्रेम लावून घेण्यापुरतं ठीक.

टॅबलेटवर चित्र काळं आलं तर क्रमाने बघा. ॲपला यूएसबी आणि कॅमेरा, दोन्ही परवानग्या दिल्यात का. ओटीजी (टॅबलेटला यूएसबीची उपकरणं जोडायची सोय) चालू आहे का. काही टॅबलेट आणि फोन थोडा वेळ वापर नसला की ते आपोआप बंद करतात. मधली टाइप-सी वायर फक्त चार्जिंगची तर नाही ना. आणि कॅमेरा झोपलेला नाही ना. पॉवर सेव्हची वेळ वाढवून ठेवा.

कॅप्चर कार्ड टॅबलेटच्याच बॅटरीवर चालतं, आणि पोर्ट एकच. दीड-दोन तासांच्या शूटसाठी पीडी चार्जिंगचा हब लागतो, म्हणजे कार्ड आणि चार्जर दोन्ही एकाच पोर्टवर लागतात. चार्जर आधी लावा, मग ॲप उघडा. मध्येच लावला की यूएसबी पुन्हा जोडलं जातं आणि चित्र जातं. कॅमेऱ्यात डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसणारी, विजेवर चालणारी) घातली की त्याच्या बॅटरीचा प्रश्न मिटतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून कॅमेरा ‘पाल’ (PAL) या व्हिडिओ पद्धतीवर, २५पी म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. नाहीतर ट्यूबलाइटखाली पट्टे फिरतात. ॲप मात्र ३० फ्रेमवर असेल तर टॅबलेटवर हालचाल अडखळत दिसते. रेकॉर्डिंग व्यवस्थित असतं, घाबरून सेटिंग बदलू नका.

फ्रेमबाबत एक सापळा आहे. व्हिडिओ १६:९, बरेच टॅबलेट १६:१० आणि आयपॅड त्याहून चौकोनी. ॲप ‘फिल’वर असेल तर दोन्ही बाजू कापून दाखवतं आणि ताट मध्ये आणायच्या नादात तुम्ही कडेचा पसारा रेकॉर्ड करता. ‘फिट’ निवडा. खात्रीसाठी केबल जोडण्याआधी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर अगदी कडेला येईल असा चमचा ठेवा आणि तो टॅबलेटवर दिसतो का पाहा.

चित्र उशिरा येतं. कॅमेऱ्याखाली फोनवर स्टॉपवॉच लावून फोन आणि टॅबलेट यांचा दुसऱ्या फोनने एकत्र फोटो काढला, माझ्याकडे ०.१५ ते ०.२ सेकंदांचा फरक निघाला. टॅबलेटकडे बघत कांदा चिरू नका, सुरी पुढे गेलेली असते.

उजेडाचा निर्णय टॅबलेटच्या डोळ्याने घेऊ नये. ऑटो ब्राइटनेस, आय कम्फर्ट आणि भडक रंगांचा मोड बंद केला तरी कॅप्चर कार्डामुळे काळा रंग कधी करडा, कधी अतिगडद दिसतो. पांढरा भात उडतोय का, ते झेब्रा १००+ वर ठेवून ठरवावं. फोकसही मॅन्युअल. पाटावर छापील कागद ठेवून कॅमेऱ्यातच मोठं करून लावावा, कारण वाफ आणि हात मध्ये आले की ऑटोफोकस भरकटतो.

टॅबलेट १/४ इंची स्क्रूच्या होल्डरमध्ये, शेगडीपासून हातभर लांब, नोटिफिकेशन बंद. फोडणी टाकण्याआधी त्याच्या कोपऱ्यात ‘एसटीबीवाय’ (STBY, रेकॉर्डिंग थांबलेलं) आहे की ‘आरईसी’ (REC, चालू), ते वाचा आणि वर कॅमेऱ्याचा लाल दिवाही बघा. चित्र दोन्ही वेळेला सारखंच छान दिसतं.