ज्वारीच्या मागे कोण उभे राहणार?

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उसाला त्याच्या तिपटीहून अधिक पाणी लागते. तरीही उजनी धरणाच्या लाभक्षेत्रात ऊस वाढत गेला, याचा दोष शेतकऱ्याला देणे मला अन्यायाचे वाटते. उसाचा किमान दर केंद्र सरकार ठरवते, तोडलेला ऊस कारखाना उचलतो आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत पैसे देणे त्याला बंधनकारक असते. ते नेहमी पाळले जात नाही, पण निदान कायद्याकडे बोट तरी दाखवता येते. ज्वारीलाही हमीभाव जाहीर होतो. मात्र त्या भावाने माल घेण्याचे बंधन कोणावरच नसते.

वास्तविक दुष्काळ सोसणारी अन्नव्यवस्था आपल्याकडे होतीच, आणि तिचा कणा मालदांडी ज्वारी हा होता. ज्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या खोल काळ्या रानात पावसाळा सरता सरता पेरलेले हे पीक जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर वाढते. एकाच पेऱ्यातून माणसांना धान्य आणि जनावरांना कडबा मिळतो. जोडीला हरभरा असतो, आणि करडईच्या काटेरी ओळी मोकाट गुरांना पिकात शिरू देत नाहीत, शिवाय घरचे तेलही देतात. वर्षभराचे धान्य कणगीत किंवा जमिनीखालच्या पेवात राहत असे. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठार रयतेसाठी खुले केल्याची कथा आपण भक्तिभावाने सांगतो, परंतु ते कोठार मंगळवेढ्यातच होते म्हणून ते उघडता आले, याकडे सहसा लक्ष जात नाही.

आज खरी अडचण काढणीची आहे. मळणीला यंत्र मिळते, पण कडबा अखंड राहावा म्हणून ताटे हातानेच उपटावी लागतात, पेंढ्या बांधाव्या लागतात, कणसे मोडावी लागतात आणि नेमके त्याच दिवसांत मजूर मिळत नाहीत. अनेक घरांत ज्वारीचे क्षेत्र घटते ते या कष्टामुळे. म्हणून कडब्याची नासाडी न करणारे, लहान शेतकऱ्याला परवडेल किंवा गावात भाड्याने मिळेल असे काढणीयंत्र ही मला कोणत्याही प्रचारमोहिमेपेक्षा मोठी गरज वाटते.

दुसरी गरज खात्रीच्या गिऱ्हाइकाची आहे. सोलापूरची कडक भाकरी कित्येक दिवस टिकते आणि ती बनवून विकणाऱ्या महिलांनी शहरात आपली बाजारपेठ उभी केली आहे. पण तेवढ्यावर कोरडवाहू तालुके तगणार नाहीत. जिल्ह्यातली ज्वारी हमीभावाने घेऊन, तालुक्यातच साठवून, इथल्याच रेशन दुकानांत आणि शालेय पोषण आहारात नियमित द्यावी. पेरणीपूर्वी त्या खरेदीचा करार हातात असेल, तर विहिरीला थोडे पाणी असलेला शेतकरीही उसाऐवजी ज्वारीचा विचार करील.