मिलेचेंतो, खेप तिसरी: चेसिस नंबरातला आठ

गाडी अजून मिरजेलाच आहे. गाडी म्हणजे जुनी फियाट ११००, मॉडेल १०३. इटालियनमध्ये मिलेचेंतो, आपल्याकडे 'डुक्कर'. मागच्या खेपेनंतर मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की आता पुढचं जे काही लिहीन ते डुक्कर पुण्यात उतरवल्यावरच. शब्द परत घेतो. शनिवारी टोकनचे पैसे खिशात घालून गेलो आणि रविवारी रात्री तेच पैसे खिशात घालून परत आलो. कारण एक आकडा.

आधी चांगलं ते सांगून टाकतो. बॉडीबद्दल माझ्या मनात आता शंका नाही. जाहिरातीत '१९५४' होतं, आरसीवर १९५६ आहे, आणि गाडी ५६चीच वाटते. शेपूट आखूड, डिकी छोटी, मागे पंखांचा (टेलफिनचा) मागमूस नाही. इटलीत १९५७ मध्ये १०३डी ही पुढची आवृत्ती आली तेव्हा मागचा भाग लांबला आणि पंख फुटले. सिलेक्ट किंवा सुपर सिलेक्ट या नंतरच्या देशी मॉडेलांची शेपूट कापून मिलेचेंतो बनवायची म्हटली तर डिकीच्या आतल्या पत्र्यावर खुणा राहणारच. इथे आत एंडोस्कोप, म्हणजे वायरीच्या टोकाचा बारका कॅमेरा, फिरवला, तर साठ-सत्तर वर्षांची धूळ आणि मुंग्यांचं वारूळ, बाकी काही नाही. (मोबाइलला जोडायचा हा स्वस्तातला एंडोस्कोप म्हणजे यंदाची माझी सर्वांत शहाणी खरेदी. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मात्र घेऊ नका. पुट्टीवर ते काय वाटेल ते आकडे दाखवतं. फडक्यात गुंडाळलेलं फ्रिजचं मॅग्नेट जास्त खरं बोलतं.)

दारं चारही मूळची. पुढची उलटी उघडणारी, मागची सुलटी, म्हणजे चारही दारांचं ओझं मधल्या दोन खांबांवर. त्यामुळे खांबाचा पाया सडला का हे आधी बघायचं. दार अर्धं उघडून वर उचललं, ड्रायव्हरच्या बाजूला पाव इंच खेळ आहे. चालेल.

आणि एक गोष्ट चघळून चघळून सांगायची आहे: डायनामोवर मॅग्नेटी मारेली या इटालियन कंपनीची पट्टी सापडली! तेलाच्या थराखाली होती, रॉकेलच्या बोळ्याने पुसली तशी अक्षरं वर आली. आत्तापर्यंत पाहिलेल्या सगळ्या डुकरांना देशी लुकास-टीव्हीएसचाच डायनामो होता, आणि ती कंपनी मुळात १९६१ची. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या सुरुवातीच्या गाड्या इटलीहून आलेल्या सुट्या भागांवर उभ्या राहिल्या, देशी माल हळूहळू वाढला. ही पट्टी त्या काळातली. मी तिथेच बसून तिचे अकरा फोटो काढले. इंजिन पद्मिनीचं आहे हे मागेच लिहिलंय. बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव) तेच, ६८ बाय ७५ मिलिमीटर, १०८९ सीसी, त्यामुळे सरळ बसतं आणि सगळे बसवतात. मूळचा ब्लॉक गोदामात गोणपाटाखाली आहे, तेव्हा त्याचं दुःख नाही.

आता तो आठ.

१०३ला वेगळी फ्रेम नाही, बॉडी एकसंध. नंबर ठोकलेला असतो तो इंजिनामागच्या पडद्यावर, म्हणजे पत्र्यावर. जुन्या डॉजची जाड फ्रेम कापून नंबर पळवणं अवघड. इथे वीतभर पत्रा कापून दुसऱ्या गाडीला डकवणं एका दुपारचं काम. म्हणून मी सुरुवात आतून केली. डॅशबोर्डखाली उताणा पडून, टॉर्च दातात धरून पडद्याची मागची बाजू बघितली. कारखान्याच्या स्पॉट वेल्डच्या खळ्या, शेंगदाण्याएवढ्या, सारख्या अंतरावर. गॅस वेल्डिंगची गाठाळ रेघ कुठेही नाही. म्हणजे पत्रा याच गाडीचा. इथे मी खुशीत येऊन पुतण्याला (विकणारे तेच, गाडी त्यांच्या डॉक्टरकाकांची) चहा सांगितला.

मग पेंट रिमूव्हर घेतला. पॉलिश पेपर नंबराच्या आसपाससुद्धा नेऊ नका, थर जातात आणि थरांतच सगळी गोष्ट असते. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, एक एक आकडा, एका आकड्याला पंधरा-वीस मिनिटं. वरचा पांढरा गेला, खाली राखाडी लागला, त्याखाली विटकरी प्रायमर. सगळ्या आकड्यांच्या खाचांत तळाशी तो विटकरी प्रायमर दिसत होता. शेवटून तिसरा आकडा आठ, आरसीवरही आठ. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं आणि चहा कडू झाला. आठाच्या उजव्या अर्ध्या भागात प्रायमर आहे, डाव्या अर्ध्यात नाही. डावीकडची खाच प्रायमर फोडून थेट लोखंडात गेलीय आणि तिच्यात राखाडी रंग भरलाय. खोली कमी, कडा भुरभुरीत, दोन-तीन ठोक्यांत केलेली. म्हणजे आधी तीन होता. रंग चढल्यानंतर कोणीतरी त्याचा आठ केला.

तीनाचा आठ म्हटल्यावर डोक्यात काय काय येतं ते तुम्हाला सांगायला नको. चोरीची गाडी, भंगारातल्या गाडीचे कागद, सगळं. नाना पेठेतल्या आपल्या तात्यांना फोन लावला. ते म्हणाले, "निघून ये. रंगाला फसला तर पैसे जातात, नंबराला फसला तर झोप जाते." मी सामान आवरलं. पुतण्या गप्प. त्याला खरंच माहीत नसावं, काकांनी गाडी घेतली तेव्हा तो शाळेत होता.

रविवारी सकाळी निरोप घ्यायला वाड्यात गेलो तर डॉक्टरांच्या पत्नी, आजी, झोपाळ्यावर बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, कान तिखट. "गाडी पसंत नाही वाटतं?" मी जमेल तितक्या सभ्य भाषेत आकड्याचं सांगितलं. त्या हसायलाच लागल्या.

"अरे, तो आठ होय! ह्यांनी एकाहत्तर साली मुंबईच्या गृहस्थाकडून गाडी घेतली, तेव्हा गाडीच्या नव्या आरसी पुस्तकात कारकुनाने तीनाचा आठ लिहिला. कोल्हापूरच्या आरटीओत किती खेपा घातल्या म्हणून सांगू. दुरुस्ती काही होईना, आणि पासिंगला साहेब म्हणे गाडीवर तीन, पुस्तकात आठ, चालणार नाही. शेवटी आमचा ड्रायव्हर लोहाराकडे घेऊन गेला. ह्यांना नंतर कळलं. चार दिवस बोलले नाहीत त्याच्याशी."

गोष्ट गोड आहे, पण गोष्टीवर गाडी घेता येत नाही, म्हणून कागद मागितले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून आधी लग्नपत्रिका निघाल्या, मग रेशनकार्ड, आणि सगळ्यात खाली घडीवर फाटायला आलेलं मुंबईच्या डीलरचं १९५६चं बिल. टाइप केलेला चेसिस नंबर. शेवटून तिसरा आकडा तीन. बाकी सगळे आकडे जुळतात.

म्हणजे गाडी खरी, चूक पुस्तकातली, आणि पुस्तक खरं करण्यासाठी गाडीवर खोटा ठोका. मला आनंद व्हावा की डोकं धरावं हेच कळेना.

अडचण अशी. मला हिची व्हिंटेज नोंदणी करायची आहे. २०२१च्या नियमांत पन्नास वर्षांपुढच्या बिगरव्यावसायिक गाड्या बसतात, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. नवीन नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांची मुदत, पुढे नूतनीकरणाला पाच हजार. गाडी आधीच नोंदलेली असल्यामुळे जुना, मुंबई राज्याच्या काळातला बीएमझेड नंबर ठेवता येतो, आणि मला तोच हवाय. तात्यांचं मत बदललंय: "कागदावर आठ, पत्र्यावर आठ, आता कशाला खाजवतोस?" व्यवहार म्हणून बरोबर आहे. पण तपासणीला आलेल्या माणसाने भिंग काढलं तर मी काय सांगणार, आजी हसल्या म्हणून?

दुसरा मार्ग मूळ बिल दाखवून आरसी दुरुस्त करून घ्यायचा. मग पत्र्यावर पुन्हा काहीही ठोकायचं नाही. जे झालंय ते तसंच, फोटोंसकट फाइलमध्ये. परवापर्यंत मी याच बाजूला होतो, फक्त पुरावा लंगडा वाटत होता, कारण बिल एकटंच.

आणि आत्ता हे लिहिता लिहिता सुचलं म्हणून उठून बघून आलो. या नंबरात आणखी एक तीन आहे, दुसराच आकडा! पासिंगला घेतात तसा पेन्सिल प्रिंट मी ट्रेसिंग पेपरवर घेतलाच होता. त्याची झेरॉक्स काढून दुसऱ्या आकड्यातला तीन कापला, खिडकीच्या काचेवर धरून आठावर ठेवला. उजवी बाजू तंतोतंत बसते. खालच्या गोलाचं टोक किंचित आत वळतं, तेही तसंच. एकाच ठशाचे दोन ठोके. हा पुरावा टेबलावर ठेवता येण्यासारखा आहे.

त्यामुळे बेत पुन्हा बदलला. खेळायच्या गाडीसारखी घेऊन शेडमध्ये ठेवण्याचा विचार रद्द. दुरुस्तीचा अर्ज आधी, मालकाच्या नावाने, आणि टोकन त्याची पोच मिळाल्यावर. किंमत पाडून मागणार नाही, आजींच्या डब्यातलं बिल फाइलला जोडणार असतील तर मागच्या वेळी बोललेला आकडा कायम.

एक मदत हवी. या नंबरात कारखान्याचा अस्सल आठ नाही, त्यामुळे कुर्ल्याचा आठ कसा दिसायचा हे मला दाखवता येत नाही. तुमच्यापैकी कोणाच्या ५५-५७च्या गाडीच्या नंबरात आठ असेल तर पेन्सिल प्रिंट काढून पाठवा. बाकीचे आकडे झाकलेत तरी चालेल. मऊ पेन्सिल वापरा, टोक आडवं धरा, आणि पत्रा आधी फक्त कोरड्या फडक्याने पुसा.

जमलं तर बुधवारच्या आत. पुतण्याचा मघाशी फोन आला होता, बुधवारी बंगळुरूहून दुसरे गिऱ्हाईक येतंय. भिंग आणतंय की नुसतेच पैसे, ते त्याला विचारायचं मी टाळलं.