नखाने न निघणारी किंमत

भेट द्यायच्या वस्तूवरचा किमतीचा स्टिकर नखाने खरवडायला घ्या, अखंड कधीच निघत नाही. त्याला मुद्दाम बारीक चिरा पाडलेल्या असतात. स्वस्त वस्तूवरचा काढून कुणी महाग वस्तूवर डकवू नये म्हणून. तुकडे निघतात, चिकटा राहतो. त्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवावं, जरा वेळ थांबावं आणि कोरड्या फडक्याने पुसावं. कापडावर मात्र हा प्रयोग नको.

एके काळी भावाची ही चिठ्ठी गिऱ्हाइकासाठी नव्हतीच. एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन दुकानदार दहा अक्षरांचा एक शब्द ठरवत, ज्यात एकही अक्षर पुन्हा येत नाही. प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा. खरेदीची किंमत त्या अक्षरांत लिहिलेली, म्हणजे घासाघीस करताना कुठवर उतरायचं ते विक्रेत्याला कळे, समोरच्याला नाही. फिलाडेल्फियातले दुकानदार जॉन वॅनामेकर यांनी सगळ्यांना एकच, उघड भाव लावला. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला फ्रँक वूलवर्थ यांचं पाच सेंटचं दुकान चाललं. माल समोर मांडलेला, भाव ठरलेला; मग मालातलं कळणारा माणूस ठेवायचाच कशाला? काउंटरवर कमी पगाराच्या मुली उभ्या राहिल्या.

एलन रपेल शेल या अमेरिकन विज्ञान-पत्रकार. त्यांचं 'चीप' (म्हणजे 'स्वस्त', २००९) हे पुस्तक अशाच दुकानदारांपासून आजच्या सवलतींपर्यंत येतं. त्याआधीचं 'द हंग्री जीन' (२००२) लठ्ठपणावर, नंतरचं 'द जॉब' (२०१८) कामधंद्यावर. विषय तीन दिसतात खरे, पण लठ्ठपणाच्या पुस्तकातही लेप्टिन या भूक आवरणाऱ्या संप्रेरकाच्या प्रयोगशाळेइतकंच पॅसिफिकमधलं कोसरे बेट लक्षात राहतं. तिथल्या ताटातले मासे आणि नीरफणस मागे पडले, बाहेरून आलेले डबे पुढे आले. प्रत्येक वेळी प्रश्न एकच: स्वस्त पडलं ते कुणाच्या जिवावर?

'चीप'मधलं 'आउटलेट'वरचं, म्हणजे ब्रँडचे कपडे सवलतीत विकणाऱ्या दुकानांवरचं प्रकरण तर शर्ट उलटा करून वाचावं. चिठ्ठीवर खोडलेला मोठा आकडा असतो. पण बराचसा माल मुळात आउटलेटसाठीच शिवलेला, त्या मोठ्या भावाने कधी विकलाच न गेलेला. ओळखायचं कसं? शिवणीत माया, म्हणजे टाक्यापलीकडचं जादा कापड, किती सोडली आहे ते पाहा. जेमतेम अर्धा सेंटिमीटर असेल तर पुढे शर्ट सैल करणं विसरा. इंचात दहा-बारा टाके हवेत, सात-आठच असतील तर ताणावर शिवण उसवते. बटणाचा लोंबता दोरा ओढू नये. साखळी टाका असला तर एका हिसक्यात बटण हातात येतं. टाके कमी म्हणजे मशीनवर वेळ कमी, आणि शिवणारीला पैसेही कमी.

आयकिया या घरी जोडायचं फर्निचर विकणाऱ्या स्वीडिश कंपनीवरच्या प्रकरणाचं नाव 'डेथ ऑफ अ क्राफ्ट्समन', म्हणजे कारागिराचा मृत्यू. नाव जरा नाटकी आहे, पण मुद्दा पटतो. नवी मुंबईत तुर्भ्याचं त्यांचं दुकान २०२० मध्ये उघडलं, तेव्हापासून आपल्याकडेही ही खोकी घरोघर दिसतात. १९७९ चं 'बिली' हे पुस्तकांचं कपाट भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचं. स्क्रू पहिल्यांदा छान बसतो. घर बदलताना उलगडून पुन्हा जोडलं की भोक सैल, स्क्रू नुसता फिरतो. भोकात आगकाडी आणि फेव्हिकॉल घालून तात्पुरतं भागतं. आपल्याकडे फरशी ओल्या फडक्याने पुसतात, त्यामुळे खालची कड पाणी पिऊन फुगते; पायांखाली रबराचे तुकडे ठेवावेत. ऐंशी सेंटिमीटरची फळी शब्दकोशांनी मध्येच वाकते, तेव्हा जाड ग्रंथ कडेला, कवितासंग्रह मध्ये. वाकलीच तर फळी उलटी करून लावावी.

खोकं उचलून आणणं, जोडणं हे सगळं काम आपलं. त्याची मजुरी बिलात येत नाही, म्हणून तर भाव उतरतो.

सुताराला बोलवावं म्हटलं, तर आधी तो मिळायला हवा. मिळालाच, तर माप घेण्याआधी तोच विचारतो, "रेडिमेड का नाही आणत?"