वॢक म्हणजे लांडगा

व्हिएन्नाहून रेल्वेने तासाभरात ब्रातिस्लाव्हा, स्लोवाकियाची राजधानी. ऊन मी म्हणत होतं, म्हणून जुन्या शहरात शिरताच आइस्क्रीमचं दुकान गाठलं. पाटीवरच्या शब्दाच्या सुरुवातीलाच पाच व्यंजनं एकाला एक चिकटलेली. मी धीर करून म्हटलं, "झ्म्रुझ्लिना." काउंटरवरच्या बाई हसल्या. "उ नाही. झ्मृझ्लिना." मग बोट वर करून म्हणाल्या, "पृस्त." पृस्त म्हणजे बोट. मी पुन्हा "प्रुस्त". आपण ऋषीला रुषी म्हणणारी माणसं, दुसरं काय होणार!

स्लोवाकमध्ये 'र' आणि 'ल' हे चक्क स्वर म्हणूनही येतात, तेही ऱ्हस्व आणि दीर्घ. बाईंनी कागदी रुमालावर दोन शब्द लिहून दिले: वॢक म्हणजे लांडगा, आणि वॣचा म्हणजे त्याचं पिल्लू. पिल्लाच्या 'ल'वर तिरकी रेघ, म्हणजे तो लांबवायचा. वर्णमालेत ऌ, ॡ घोकले. पुढे कॢप्तीखेरीज त्यांची गाठ पडली नाही. ते इथे लांडग्यात आणि त्याच्या पिल्लात जिवंत! वॢक हा संस्कृतातल्या 'वृक'चा सख्खा भाऊ, हे मात्र मला रात्री अंथरुणात सुचलं.

दुसऱ्या दिवशी बसने मोद्राला गेलो. द्राक्षमळ्यांचं टुमदार गाव. स्लोवाक लेखनभाषा घडवणारा ल्युदोवित श्तूर इथेच राहायचा. तेव्हा हा मुलुख हंगेरीच्या राज्यात होता आणि इथले प्रोटेस्टंट लिहायचे चेकमध्ये. बेर्नोलाक नावाच्या कॅथलिक पाद्र्याने 1787मध्ये पश्चिमेकडच्या बोलीवरून एक लेखनभाषा बांधली होती, पण ती सर्वांच्या पचनी पडली नाही. 1843मध्ये श्तूर, हुर्बान आणि होजा या तिघांनी मध्य स्लोवाकियाची बोली पायाला घेतली. आजची प्रमाणभाषा त्यातूनच आली. हा श्तूर शिकारीला गेला असताना स्वतःच्याच बंदुकीची गोळी लागून जखमी झाला आणि जानेवारी 1856मध्ये, चाळिशीतच वारला. चौकात त्याचा पुतळा आहे.

आज देशाची लोकसंख्या सुमारे 54 लाख, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहूनही कमी. शिवाय सर्बियातल्या वॉयवोदिनात स्लोवाक ही एक अधिकृत भाषा आहे. तिथे ती अठराव्या शतकात गेलेल्या शेतकऱ्यांनी नेली. चेकोस्लोवाकिया 1993मध्ये फुटला, तरी चेक माणसाशी स्लोवाक माणूस अजून दुभाष्याशिवाय बोलतो.

परतताना पुन्हा त्याच दुकानात गेलो. "झ्मृझ्लिना!" या वेळी जमलं. बाईंनी खूश होऊन स्लोवाकमध्ये भराभर काहीतरी विचारलं. मी मुकाट्याने पृस्त उचललं आणि पिस्त्याच्या डब्याकडे दाखवलं.